रिकामी मांडी

निजामाच्या राज्यात, परतूरहून जालन्याला जाणाऱ्या गाडीत समोर एक बाई बसली होती. मांडी रिकामी होती, तरी तिचा हात थोपटत होता. शेजारी नवरा होता, हातात औषधाची बाटली.

मी पाहतोय हे बघून तो म्हणाला, "लेकरू गेलं तवापासून असंच करून राह्यली. डाक्टर म्हन्ला, दिमागाची बिमारी हाय. दवा बराबर घेतली की हात थांबल."

थोपटता थोपटताच बाई म्हणाली, "बिमारी लेकराला झाल्ती. तवा दवा न्हाई भेटली."

त्या न पाहिलेल्या डॉक्टरचा मला रागच आला.

खिडकीतून वारा येत होता. नवऱ्याने बाटली पिशवीत ठेवली, खांद्यावरचा पंचा काढला आणि तिच्या रिकाम्या मांडीवर हळूच पांघरला.