रुवीतली खोली सोडल्यावर

मस्कतच्या रुवी भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची खोली होती. तिथं मी चौदा वर्षं काढली. अमडापूरहून निघालो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मधे तीनदा सुट्टीवर येऊन गेलो, पण सुट्टीवर आलेला माणूस घरात पाहुणाच असतो. निघायच्या दोन दिवस आधीपासून बायको त्याच्याशी जपून बोलायला लागते.

मी शिलाईकाम करणारा. खामगावला एका दुकानात मशीन चालवायचो, तिथूनच मस्कतचं काम लागलं. दुकान बायकांच्या कपड्यांचं होतं. कटिंगला सीमेपलीकडच्या सियालकोटचा एक माणूस होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी त्याला उस्ताद म्हणायचो. तो कापायचा, मी शिवायचो, आणि राहायचोही एकाच खोलीत. पहिल्या दिवशी मालकानं त्याचं गाव सांगितलं तेव्हा मी मनातून घाबरलो होतो. खोलीत गेल्यावर त्यानं खिडकीजवळचा पलंग मला दिला आणि म्हणाला, "मुझे वैसे भी धूप चुभती है।" हे खोटं होतं, पण ते कळायला मला वर्ष लागलं.

माझं फोनवरचं बोलणं ऐकून ऐकून त्याला आमची भाषा यायला लागली. कापड कमी पडलं की कात्री थांबवून आमच्या बोलीतलं 'का' विचारायचा, "काऊन, भाऊ?" आम्ही दोघंही हसायचो.

नवव्या वर्षी आई गेली. धाकट्या भावाचा सकाळी फोन आला, "दादा, आई गेली. तू येऊ शकतं का?" ईदचे दिवस होते, चार दिवस एकाही विमानात जागा नव्हती. मी भावाला म्हणालो, "माही वाट नका पाहू." एवढं बोलून मी दुकानात जाऊन बसलो. एक कुर्ता पुरा शिवला, आणि मग कळलं की त्याची बाही उलटी लावलीय. उस्तादनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः उसवत बसला.

तेरा दिवस त्यानं खोलीत मटण शिजवलं नाही. फक्त वरण-भात. दहाव्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "तुम्हारे यहाँ आज कुछ करते हैं ना?" गावाकडं भाऊ सगळं करत होता, तरी माझा जीव राहत नव्हता. आम्ही भाताचा एक गोळा घेऊन मुत्राहच्या समुद्रावर गेलो. तिथं कावळे पुष्कळ. मी गोळा दगडावर ठेवला आणि दूर झालो. दोन कावळे आले, बसले, पण शिवेनात. बराच वेळ गेला. उस्तादला त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा त्याला दिसत होता. हळूच म्हणाला, "अम्मी से कुछ कहना बाकी होगा। कह दो।"

मी हात जोडून म्हणालो, "आई, वर्षभरात मी कायमचा घरी येतो." थोड्या वेळानं कावळा शिवला.

त्यानंतर मी पाच वर्षं तिथंच राहिलो. दर वर्षी काही ना काही कारण निघायचं. उस्तादनं एकदाही मला त्या शब्दाची आठवण करून दिली नाही.

शेवटी कारण आमच्या हातचं राहिलंच नाही. म्हातारा मालक वारला. त्याची मुलं भली होती, पण त्यांना शिलाईत रस नव्हता, मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. त्यांनी आम्हाला दोन महिने दिले. त्या दोन महिन्यांत आम्ही उस्तादच्या मुलीच्या लग्नाचा जोडा, म्हणजे नवरीचे कपडे, शिवला. लाल कापड कापायच्या आधी त्यानं तीन-तीनदा मोजून पाहिलं. तीस वर्षं कात्री चालवलेला माणूस. "मुझसे गला टेढ़ा कट गया," तो म्हणाला. गळा सरळच होता. मी त्यावर जरीची पट्टी बसवली. त्या मशीनवरचं माझं शेवटचं काम ते.

माझं तिकीट आधीचं निघालं, दुपारचं. त्या सकाळी तो लवकर उठून पोळ्या करत होता. नेहमी त्याच्या पोळ्या जाड व्हायच्या, त्या दिवशी पातळ केल्या होत्या. जेवण दोघांनाही गेलं नाही. त्यानं उरलेल्या पोळ्या कागदात बांधून माझ्या पिशवीत घातल्या. टॅक्सीत तो रस्त्यावरच्या दुकानांबद्दल बोलत राहिला, हे नवीन झालं, ते बंद पडलं. विमानतळाच्या दारात मी म्हणालो, "उस्ताद, कभी आना हमारे गाँव।"

त्यानं पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "कैसे आऊँगा, भाऊ?" एवढंच म्हणाला. मीही उगाच बोलून गेलो होतो. दोघांनाही माहीत होतं की मी त्याच्या गावी जाऊ शकत नाही आणि तो माझ्या गावी येऊ शकत नाही. जगात आम्हाला भेटायला ते एकच शहर होतं, आणि ते आम्ही सोडत होतो.

मलकापूर स्टेशनवर बायको आणि मुलगी घ्यायला आल्या होत्या. मुलीनं वाकून नमस्कार केला. उंचीला ती माझ्या कानाला लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातून विचारायला आली, "बाबा, तुम्हाले चहात साखर किती लागते?" मी सांगितलं आणि तोंड फिरवून बसलो. बायकोला कळलं. म्हणाली, "होईन हळूहळू सवय. तिलेबी अन् तुम्हालेबी."

बसस्टँडजवळ एक छोटी जागा घेऊन मी मशीन टाकली. उस्तादही दीड महिन्यानं त्याच्या गावी पोचला. मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्यानं व्हिडिओ कॉल केला. गर्दीत फोन हलत होता, लाल रंग तेवढा दिसत होता. "दिखा क्या, भाऊ?" तो ओरडून विचारत होता. मी म्हणालो, "हाव, दिखा."

मग दोन देशांत पुन्हा बिनसलं. टीव्हीवर रात्रंदिवस तेच. भाऊ एक दिवस दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, त्या नंबरवर आता फोन नको लावू. लोक इचारून राह्यले. घरात लग्नाची पोरगी हाये."

मी म्हणालो, "तो शिलाईवाला हाये बे. माह्या संग जेवलेला माणूस हाये."

"मले समजते. लोकायले कोण समजावीन?"

मी लावणं बंद केलं. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती, भाऊही होता, तेव्हा फोन वाजला. त्याचाच नंबर. सगळ्यांच्या नजरा फोनकडं गेल्या असं मला वाटलं. कदाचित कुणीच पाहिलं नसेल. मी तो पालथा ठेवला आणि पायाखालचं पायडल दाबत राहिलो. तो बराच वेळ वाजला.

संध्याकाळी घरी येऊन लावला तर लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता त्या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. नंबर बदलला असेल, फोन पडून फुटला असेल, तब्येतीचं काही असेल. त्याच्या मुलीचं सासर मला माहीत नाही, गावाचा पत्ता मी कधी लिहून घेतला नव्हता. खोलीत समोरासमोर राहणाऱ्या माणसाचा पत्ता कोण विचारतं? त्या दिवशी त्याला काय सांगायचं होतं, हे मला कळायचा आता काही मार्ग नाही.