सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांगितलं

नळदुर्गला हायवेच्या कडेला आमचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे अर्ज, पेन्शनवाल्यांचे हयातीच्या दाखल्याचे अंगठे, असली कामं. दुकान माझ्या नवऱ्याचं. गिऱ्हाईक त्यांना मालक म्हणायचं. मी बारावी झालेली बाई. दुकानात जायचे ती डबा द्यायला, फार तर गर्दी असली की झेरॉक्स काढायला. कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि त्या खुर्चीत मला बसावं लागलं.

उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. "थांबा." गिऱ्हाइकांना दिवसभर हेच म्हणायची सवय, तेवढं राहिलं. भूक लागली तरी थांबा, राग आला तरी थांबा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत." मला ते पटलं, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला कोण सांगत बसणार?

त्यांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं आणि दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. म्हणून रोज सोबत आणायचे. शेजारचा रिक्षावाला त्यांना धरून उतरवायचा. सुरुवातीला त्यांची खुर्ची काउंटरजवळच ठेवली. कुणी विचारायचं, "कसं काय मालक, बरं हाय का?" ते म्हणायचे, "थांबा." माणूस खरंच थांबायचा, पुढं काही येईल म्हणून. मग माझ्याकडं बघायचा. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती मी पदरानं पुसायचे, आणि पुसताना माझं लक्ष त्यांच्याकडं नसून समोरच्या माणसाकडं असायचं. एकदा कॉलेजच्या दोन पोरी फॉर्म भरायला आल्या होत्या. ह्यांच्या तोंडून "थांबा, थांबा" ऐकून एकीनं हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. त्याच दिवशी मी कपाटामागं जागा केली, जुन्या साडीचा पडदा लावला आणि खुर्ची आत नेली. लोकांना सांगितलं की त्यांना उजेडाचा त्रास होतो. त्यांना काहीच सांगितलं नाही.

अशात कॉम्प्युटर बिघडला. तो होताच जुना, त्यांनी एकेक भाग कुठून कुठून आणून स्वतः जोडलेला. चालू होता होताच अडकायला लागला. सोलापूरचा एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं सगळं पुसून नवीन विंडोज टाकलं. "बाकीचं नेट लावलं की आपोआप येतंय मॅडम," म्हणाला आणि समोर लागलेली बस पकडून गेला. कॉम्प्युटरचा पडदा छान निळाभोर दिसत होता. मी खूश होते.

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा कळलं. प्रिंटर कागद घेईना. अंगठ्याच्या मशीनमधला लाल दिवा लागेना. आवाज तर कशाचाच येईना. दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

पुण्यात नोकरीला असलेल्या नणंदेच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मामी, ड्रायव्हर गेलेत तुमचे." आमच्या गावात ड्रायव्हर म्हणजे ढाब्यावर ट्रक लावून जेवणारा माणूस. मग भाच्यानं सांगितलं की कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक वस्तू ओळखायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो नसला की वस्तू जोडलेली असूनही कॉम्प्युटरला ती कोण आहे ते कळत नाही. "डिव्हाइस मॅनेजर उघडून बघा, तिथं सगळं दिसंल." मी म्हटलं, "हो, हो, बघते." तो डिव्हाइस मॅनेजर कुठं उघडतात हे परत विचारायची लाज वाटली. नेट मात्र चालू होतं. मी आपलं इंग्रजीत 'प्रिंटर ड्रायव्हर फ्री' असं टाईप केलं आणि जे पहिलं पान आलं त्यावरचं मोठं हिरवं बटण दाबलं.

ड्रायव्हर आलाच नाही. जाहिराती आल्या. एक बंद केली की दोन उघडायच्या, आणि त्यातल्या काही अशा बायकांच्या की मी सांगू शकत नाही. आमच्या कॉम्प्युटरचा पडदा काउंटरकडं थोडा वळवलेला आहे, गिऱ्हाइकाला आपलं काम दिसावं म्हणून. समोर शाळेतले एक गुरुजी उभे होते, माझ्या मुलीला शिकवलेले. ते रस्त्याकडं बघायला लागले. मी टेबलाखाली वाकून वायरच उपटली. बंद पडद्यात माझं तोंड दिसत होतं. "मी नंतर येतो," गुरुजी म्हणाले आणि गेले. ते पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी येईल त्याला सांगू लागले, "सर्व्हर डाऊन आहे." हे वाक्य फार सोयीचं असतं. सर्व्हर कुठं असतो कुणाला ठाऊक नाही, त्यामुळं दोष कुणाचाच नसतो. लोक उसासा टाकतात, चहा पितात, परत जातात. मी ते इतक्यांदा म्हटलं की मला ते खरंच वाटायला लागलं होतं. प्रत्येक वेळी पडद्यामागून आवाज यायचा, "थांबा." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग ती म्हातारी आली. अणदूरची, पेन्शनवाली. आधी एकदा मी तिला परत लावून दिलं होतं. पुन्हा एसटीनं आली, काठी टेकत पायरी चढली.

"आज तरी चालू हाय का बाई? म्या जित्ती हाय एवढं सांगायला किती हेलपाटे मारू?"

"सर्व्हर डाऊन आहे हो, मावशी."

तिनं मान हलवली आणि खाली उतरली. दुकानात आणखी चार-पाच माणसं होती, त्यांनाही मी तेच सांगून बसवून ठेवलं होतं. थोड्या वेळानं म्हातारी पुन्हा दारात. रागानं आली नव्हती ती. उलट माझ्या भल्यासाठी सांगायला आल्यासारखा तिचा चेहरा होता.

"बाई, समोरच्या दुकानात सर्व्हर चालू झालाय की. माजा अंगठा लगीच उठला. तुमी बी बघा बरं लावून."

सगळे हसले. एक जण उठून थेट समोर निघाला, त्याच्यामागं दुसरा. माझे कान तापले. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, मोठ्यानं, एकामागं एक, "थांबा! थांबा! थांबा!" खुर्चीचा पाय फरशीवर आपटत होता. राहिलेली माणसं माना वळवून पडद्याकडं बघू लागली. कुणीतरी विचारलं, "आत कोन हाय?"

मी तशीच ओरडले, "गप बसा हो तुमी! आधीच अब्रू गेलीय माझी, त्यात तुमची भर नको!"

एकदम शांत झालं. पडद्यामागंही आणि पुढंही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना चार माणसांत असं कधी बोलले नव्हते. म्हातारी पायरीवरून माझ्याकडं बघत राहिली, मग निघून गेली. बाकीचेही गेले. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

दुपारी मी डबा घेऊन आत गेले. भाकरी दुधात कुस्करून घास पुढं केला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. डोळे लाल होते. मी डबा झाकून ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसले. माफ करा म्हणावं असं मनात होतं, पण आमच्या घरात नवरा-बायकोत तसं म्हणायची पद्धत नाही, आणि जीभही वळेना. मग त्यांनी डावा हात उचलला आणि बाहेर दाखवला. मला वाटलं, घरी जायचंय. त्यांनी 'नाही' अशी मान हलवली, पुन्हा बोट दाखवलं. कॉम्प्युटरकडं.

मी खुर्ची ओढत बाहेर आणली, उपटलेली वायर लावून कॉम्प्युटर चालू केला. माउस उजवीकडं होता, तो त्यांनी डाव्या हातानं आपल्याकडं खेचला. वायर पाण्याच्या तांब्यात अडकून तांब्या लवंडला. मी पुसायला धावले, तर त्यांनी हातानंच 'राहू दे' असं केलं. मग त्यांनी पडद्यावरच्या एका चित्रावर माउसचा बाण नेला आणि दुसरं बटण दाबलं. यादी उघडली, त्यातली एक ओळ निवडली. डाव्या हाताला सवय नव्हती. जिथं दोनदा पटकन दाबायचं तिथं दोन दाबण्यांत फार वेळ जायचा आणि काहीच उघडायचं नाही. मी त्यांच्या बोटावर माझं बोट ठेवलं आणि दोघांनी मिळून दाबलं.

हाच तो डिव्हाइस मॅनेजर. कॉम्प्युटरच्या पोटातल्या सगळ्या वस्तूंची नावं, आणि त्यात काही ठिकाणी पिवळे त्रिकोण. तिथं वस्तूचं नावच नव्हतं, 'अननोन डिव्हाइस' एवढंच. त्यांनी त्यातला एक उघडला, दुसऱ्या पानावर गेले, एक चौकट खाली ओढली. अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ आली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओळीकडं बघितलं. मला हळूहळू समजलं. वस्तूनं स्वतःचं नाव सांगितलं नाही तरी तिच्यावर कंपनीचा नंबर असतो, तो हा. त्यांनी ती ओळ उचलली आणि नेटवर शोधायच्या चौकटीत टाकली. हे सगळं त्यांचा हात अडखळत पण न चुकता करत होता. मी तोंडात बोट घालून बघत होते.

शोधलेली पानं पुढं आली आणि हात थांबला.

मी वाट बघितली. माउसचा बाण एका ओळीवर गेला, तिथून दुसरीवर, परत पहिलीवर.

"कुठलं?" मी विचारलं.

"थांबा," ते अगदी हळू म्हणाले.

त्यांचे डोळे ओळीवरून फिरत होते, पण वाचताना फिरतात तसे नव्हे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांना आता वाचता येत नव्हतं; इथवरचं सगळं हातानं सवयीनं केलं होतं. डॉक्टरांनी वाचनाचंही काही म्हटलं होतं, पण त्या गडबडीत मी ते पुढं कधीतरी बघू म्हणून सोडून दिलं होतं. ज्या माणसाकडं लोक लांबून लांबून नोटिसा वाचून घ्यायला यायचे, त्याला समोरची ओळ लागत नव्हती. त्यांनी माउस सोडला आणि रस्त्यावरच्या ट्रककडं बघायला लागले. कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या. सकाळी माझ्या झाल्या होत्या तशाच. इतके दिवस मी फक्त माझ्या लाजेचा विचार करत होते. तेही लाजत असतील, कपाटामागं बसून, रोज, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

मी खुर्ची जवळ घेतली. "मी वाचते," म्हटलं. "तुम्ही हो का नाही तेवढं दाखवा."

माझं इंग्रजी बारावीचं, तेही जुनं. एकेक अक्षर लावत वाचू लागले. पहिल्याच पानावर ते मोठं हिरवं बटण. "हे नको," मी म्हटलं, "ह्यानंच गुरुजींसमोर माझी लाज काढली." आणि मी त्यांना त्या बायकांच्या जाहिरातींचं सगळं सांगितलं. ते हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही.

अंगठ्याचं मशीन उलटं करून मी त्याच्या पाठीवरचं नाव वाचलं आणि कंपनीचं स्वतःचं पान शोधून काढलं. पहिल्यांदा उतरवून घेतलेला ड्रायव्हर बसलाच नाही, तो वेगळ्या विंडोजचा होता. त्यांनी बोटानं 'मागं जा' असं सांगितलं, मी पुन्हा वाचलं, दुसरा घेतला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मशीनच्या काचेखाली लाल दिवा लागला. मी त्यावर अंगठा ठेवला. मग त्यांनी डावा अंगठा ठेवला आणि उगाच बराच वेळ तसाच ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत प्रिंटरही ओळख दाखवू लागला. आवाजाचं नंतर कधीतरी जमलं. एक पिवळा त्रिकोण अजूनही आहे, तो कुठल्या वस्तूचा ते आम्हा दोघांनाही लागलेलं नाही. त्याच्यावाचून काही अडतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची खुर्ची परत काउंटरजवळ ठेवली. सगळं बदललं असं मात्र नाही. नवं गिऱ्हाईक त्यांच्याकडं टक लावून बघतं तेव्हा अजून माझी मान खाली जाते, आणि खाली गेल्याची वेगळी लाज वाटते.

आता जुनी माणसं त्यांच्याशीच बोलतात. परवा माकणीकडचे एक आजोबा जमिनीची नोटीस घेऊन आले आणि सरळ त्यांच्या हातात दिली. "मालक, बघा बरं काय म्हनतेत." त्यांनी कागद घेतला, नीट सरळ केला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मान डोलावली आणि माझ्याकडं दिला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. आजोबा त्यांच्याकडंच बघत ऐकत होते.