डावीकडे चुकणारा संघ

खेळणाऱ्याला चेंडू दिसतो आणि बाकावर बसलेल्याला खेळ दिसतो. हे तत्त्वज्ञान माझं स्वतःचं आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात बदली खेळाडू म्हणून बसून बसून ते तयार झालं. माझी उंची बेताची आणि उडी त्याहून बेताची. संघात मी होतो तो केवळ माझ्याकडे बूट होते म्हणून.

कॉलेज श्रीरामपूरच्या अंगाला, चहूकडून उसात बुडालेलं. मैदान सिमेंटचं, पण मोसमाच्या दिवसांत त्याच्या अर्ध्या भागावर कॉलेजच्या शेतातली सोयाबीन नाहीतर मका वाळत पडलेली असायची. त्यामुळे आमचा सगळा सराव एकाच रिंगवर. दुसरी रिंग आम्ही फक्त लांबून पाहिलेली.

संघाचा सगळा भार सेंटरवर होता. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी. आमचा सेंटर अकोले तालुक्याच्या वरच्या डोंगरातला. भातलावणीला वाकून वाकून घरातले सगळे ठेंगणे राहिले आणि आपण एकटेच निसटून वर गेलो, असं तो सांगायचा. घरी प्रवासी जीप होती. वडिलांनी त्याला साफ सांगून ठेवलं होतं : यंदा झोनच्या संघात, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांतून निवडतात त्या संघात, नंबर लागला तर खेळाडूंच्या हॉस्टेलात जागा मिळेल, मग शेवटचं वर्ष खुशाल कर. नाही लागला तर घरी ये आणि जीपवर बस.

"जीपला माझी ना न्हाई रे," तो म्हणायचा, "पन मी तिच्यात मावत न्हाई. गुडघे स्टेरिंगला लागत्यात. दोन वळणं घेतली की तिसऱ्याला दरी."

म्हणजे त्याचं सगळं त्या निवडीवर टांगलेलं, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मोसमाची सुरुवात झकास झाली. आजूबाजूच्या कॉलेजांचे संघ त्याच एका रिंगवर मैत्रीचे सामने खेळायला आमच्याकडे आले आणि हरून गेले. त्यांचे चेंडू रिंगवरून उड्या मारून बाहेर, आमचे सुळकन जाळीत. सरांचा एकच मंत्र होता : "रिंगकडे बघू नका रे, बोर्डवरच्या चौकोनाकडे बघा. बोर्डला लागला की आपोआप खाली उतरतो." आणि तो खरंच उतरायचा. आमच्यातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला वाघाचा फोटो आला. माझ्याही आला. बाकावरचा असला तरी वाघ तो वाघच.

मग आम्ही नगरला एका कॉलेजात खेळायला गेलो आणि तिथे आमची अशी काही धुलाई झाली की परतीच्या एसटीत मागच्या सीटवर वाघांचे फोटो गुपचूप खाली उतरले. कारणं भरपूर निघाली. कोणी म्हणालं दिव्यांचा उजेड डोळ्यावर येत होता, कोणी म्हणालं चेंडू जास्त फुगवलेला होता. सर म्हणाले, "मिसळ खाऊन खेळतात का कोणी? सांगा ना, खेळतात का?"

मी म्हणालो, "सर, आपण सगळे डावीकडेच चुकलो."

"तू कधी चुकलास? तू तर बसून होतास."

"म्हणून तर दिसलं."

एसटी हसली. कंडक्टरसुद्धा. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. माणूस चुकतो ते समजू शकतो. पण निरनिराळ्या गावची, निरनिराळ्या हाताची पोरं एकाच बाजूला, जवळजवळ एकाच जागी चुकतात, हे काय गौडबंगाल?

आता आमच्या घरचा धंदा सांगायला हवा. आमचं फॅब्रिकेशनचं दुकान. गेट, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. लहानपणापासून माझ्या डोळ्याला एकच शिक्षण : हे गुण्यात आहे का? गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. आमच्याकडे वाकड्या गेटाला जितकी नावं ठेवतात तितकी वाकड्या माणसाला ठेवत नाहीत. तर रविवारी मैदान रिकामं बघून मी शिडी, गुण्या, पाना आणि हातोडा घेऊन आमच्या लाडक्या रिंगवर चढलो.

गुण्या लावला आणि मी शिडीवरच हसायला लागलो. रिंगच्या एका बाजूचे बोल्ट ढिले होऊन ती अख्खी डावीकडे वळलेली होती. बोर्डवरचा चौकोन एकीकडे बघतोय, रिंग दुसरीकडे. नवराबायको भांडल्यावर दिसतात तशी. चौकोनाच्या मधोमध मारलेला चेंडू तिच्यात पडणं शक्यच नव्हतं. आम्ही मात्र नकळत चौकोनाच्या डाव्या काठावर मारायला शिकलो होतो. पाहुण्यांचे चेंडू बाहेर का जायचे आणि नगरला आमचे का गेले, दोन्ही कोडी एका गुण्यात सुटली.

इथवर मी शहाणाच होतो. शहाणा माणूस इथे शिडीवरून खाली उतरला असता.

पण वाकडं दिसल्यावर हात शिवशिवणं हे आमच्या घराण्यातच आहे. मी रिंग ठोकून सरळ केली, बोल्ट आवळले, वरून वेल्डिंगचे टाके मारायला वडिलांनाही बोलावून घेतलं. ते वर चढले, जुन्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे काम आपल्याच दुकानातलं दिसतंय. कोनाला बोलू नको." मग असे टाके मारले की कॉलेज पडलं तरी रिंग राहावी.

आणि त्याच आठवड्यात झोनचे सामने होते. आमच्याच मैदानावर.

सोमवारी सरावाला सगळे जमले आणि मी कडेला हाताची घडी घालून, सत्काराच्या तयारीत उभा. पहिला चेंडू डावीकडून खाली. दुसरा डावीकडून खाली. सेंटरने अगदी जवळून मारला, तोही डावीकडे सांडला. हळूहळू सगळ्यांच्या माना वर गेल्या, मग माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात अजून गुण्या होता.

"तू काय केलंस रे?" कप्तानाने विचारलं.

"सरळ केली."

"कुणी सांगितलं होतं?"

मी गुण्या पाठीमागे लपवला.

"परत वाकडी कर! आत्ताच्या आत्ता!"

मी पळत दुकानात गेलो. वडिलांनी कटर बंद करून माझं सगळं ऐकून घेतलं. "सरळ कराया माप असतं," ते म्हणाले. "वाकडं कराया कंचं माप लावू? आन् आता ते टाकं तुझ्या आज्यालाबी निघायचं न्हाईत." तिकडे स्पर्धेचे पंच मैदान बघून गेले आणि सरांना म्हणाले, "रिंग एकदम बरोबर आहे बरं का तुमची." सर हसले. ते हसू मला आजही आठवतं.

 सेंटर नुसता पायरीवर बसून गुडघे जवळ घ्यायचा, पुन्हा लांब करायचा. जीपमध्ये बसायची तालीम करतोय असंच मला वाटायचं. शिव्या परवडल्या असत्या.

सामन्याच्या दिवशी मका पोत्यांत भरून हलवली आणि पहिल्यांदाच पूर्ण मैदान दिसलं. निवड करणारे दोघे टोप्या घालून खुर्च्यांवर बसले होते. खेळ सुरू झाला आणि आमचे चेंडू इमानदारीने डावीकडे पडू लागले. काही दिवसांत मेंदूला कळतं, हाताला कळत नाही.

टाइमआउटला मी गुण्याच्या हिशेबाने सेंटरला समजावायला गेलो. "हे बघ, तू चौकोनाच्या उजव्या..."

"तू गप ऱ्हा." मग तो बाकीच्यांकडे वळला. "तुमी चुका. हायेत तशाच चुका, बदल करू नका. मी हाय खाली."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो रिंगच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला, पाय रोवून. आमच्या पोराने लांबून मारला, चेंडू बोर्डला लागून नेहमीच्या जागी सांडला, आणि तिथे त्याचे हात आधीच वर होते. बोर्डबिर्ड काही नाही, तिथूनच हळूच जाळीत टाकला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. समोरचे गडी चेंडू कुठे पडतो हे बघून धावायचे, हा धावायचाच नाही. एसटी कुठे थांबते हे माहीत असलेल्या माणसासारखा आधीच तिथे उभा.

तेवढ्यात आमच्यातला एक जण फाउल भरून बाहेर गेला आणि सरांनी नाइलाजाने माझ्याकडे पाहिलं. मी आत. चेंडू माझ्याकडे आला. मी मनापासून, सगळ्या संघासारखा, डावीकडे चुकायचं म्हणून मारला. तो सरळ जाळीत गेला.

माझं मोसमातलं ते एकमेव बास्केट. मी दोन्ही हात वर केले. सेंटर डावीकडे तसाच उभा, रिकाम्या ओंजळीसकट.

"तुला कुनी सांगितलं हुतं बास्केट कराया?" तो ओरडला. "मी हितं काय देवदर्शनाला हुबा हाय?"

सामना आम्ही थोडक्यात हरलो. टोपीवाल्यांपैकी एक जण सरांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "या पोराला चेंडू कुठे पडणार ते आधीच कळतं हो. कसं काय?"

"सराव," सर गंभीरपणे म्हणाले आणि माझ्याकडे बघणं टाळलं.

सेंटरची निवड झाली. त्याने मैदानातूनच घरी फोन लावला. वडिलांचा आवाज बाहेर ऐकू येत होता : "मंग जीपचं काय?" हा म्हणाला, "जीपच्या मापाचा डायवर न्हाई मी आबा, दुसरा बघा." मग माझ्या पाठीत एक जोरदार थाप बसली. ती शाबासकी होती की रविवारचा हिशेब, हे मी अजून विचारलेलं नाही.

झोनच्या संघाचा सराव नगरला सुरू झाला. हॉस्टेलात खाट मिळाली, पाय बाहेर येतात पण मावतो, असं त्याने कळवलं. मग एका दुपारी मी दुकानात गेट घासत असताना त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"काय रे, दुखापत?"

"न्हाई रे. हितं समदे सरळ मारत्यात. एक बी चुकत न्हाई. खाली नुसता हुबा ऱ्हातो मी, चेंडूच येत न्हाई."

"मग?"

त्याने आवाज आणखी खाली आणला.

"रविवारी हितं मैदानावर कुनी नसतं," तो म्हणाला. "येताना पाना आन."