माझ्या व्याह्यांपुढे बोलायचं म्हणजे

बोलत्या माणसाला मधेच थांबवण्यासाठी देवानं एक माणूस खास घडवून खाली पाठवला, आणि माझं नशीब असं, की तोच माझा व्याही निघाला. मी चौथी शिकलेला माणूस. पण संत्र्याची बाग स्वतःच्या हिमतीवर उभी केली, कितीक भांडणांत पंच म्हणून बसलो, आणि पांढुर्ण्याच्या मंडीत मी बोलायला लागलो की माझं पुरं झाल्याशिवाय कोणी चहाचा कप उचलत नाही. अशा माणसाला या गृहस्थानं पहिल्याच भेटीत जो धक्का दिला, त्यातून मी अजून पुरता बाहेर आलो नाही. आणि तो काही शेवटचा नव्हता. पुढं सणवार आल्यासारखे त्यांचे धक्के येतच राहिले.

व्याही सावरगावचे, म्हणजे आमच्या पांढुर्ण्याच्या नदीपल्याडचे. शेतीच्या कॉलेजात ते झाडांच्या रोगांचे शास्त्रज्ञ होते. रिटायर झाल्यावर लोक देवधर्म करतात, नातवंडं खेळवतात. यांनी निराळंच खूळ धरलं. शास्त्राची गोष्ट चार लोकांसमोर कशी मांडावी, हे ते शिकवतात. प्रयोगशाळेतल्या पोरी, दवाखान्यातले डॉक्टर, धरणावरचे इंजिनियर आपापला लॅपटॉप घेऊन पूल ओलांडून त्यांच्याकडे येतात आणि तोंड एवढंसं करून परत जातात. फी घेत नाहीत. अपमान मात्र पोटभर करतात. एका बिचाऱ्या इंजिनियरनं पडद्यावर बारीक अक्षरांनी भरलेली स्लाईड दाखवली आणि म्हणाला, "हे तुम्हाला नीट दिसणार नाही, माफ करा." व्याही म्हणाले, "जे दिसणार नाही ते दाखवून काहून राहिले बापा? पाहुण्याला रिकामं ताट वाढून माफी मागता का?" तो इंजिनियर जिन्यावर बसून माझ्याजवळ पाणी मागत होता. मी पाणी दिलं. मलाही एक घोट लागला.

पहिल्या भेटीची गोष्ट सांगतो. माझ्या मुलासाठी त्यांची मुलगी पाहायला आम्ही सावरगावला गेलो. बैठक बसली. आमच्याकडची रीत अशी, की मुलाच्या बापानं सावकाश बोलायचं आणि मुलीच्या बापानं मान खाली घालून ऐकायचं. मी आमच्या पणजोबापासून धरलं. ते मुलताईकडून बैलगाडीनं कसे आले, पहिली विहीर कशी खोदली, पाणी कसं लागलं नाही, मग दुसरी कशी खोदली. दुसऱ्या विहिरीला पाणी लागायच्या आतच व्याह्यांनी हात वर केला. "इवाईबुवा," ते म्हणाले, आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, "हे सगळं राहू द्या. मुलाबद्दल एक गोष्ट सांगा. एकच. अशी सांगा, की उद्या सकाळी दात घासताना मले आठवली पाहिजे."

मुलीचा बाप मुलाच्या बापाला असं बोलतो! आमच्या घरचीनं पदर तोंडाला लावला. मी उठणारच होतो, कारण मी उठायला कोणाच्या बापाला भीत नाही. पण राग इतका आला, की तोंडातून निघून गेलं, "पोट्टा खोटं बोलत नाही!"

"झालं," व्याही म्हणाले. "जमलं लग्न. पोहे आणा."

मी पोहे खाल्ले, पण कशाचे खाल्ले ते समजलं नाही. लग्नात तर त्यांनी कहरच केला. आमच्या घराण्यातल्या सगळ्या आत्या-मावश्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं घेऊन माईकजवळ रांगेत उभ्या होत्या. व्याही अक्षता घेऊन माईकपाशी गेले आणि म्हणाले, "ज्यांच्या मंगलाष्टकात नवरा-नवरीचं नाव नाही, त्यांनी खाली बसावं." अर्धी रांग बसली. माझी एक आत्या त्या दिवसापासून त्यांच्या घरचं पाणी पीत नाही.

मरण असो की जत्रा, या माणसाला फरक पडत नाही. आमच्याकडे चितेला अग्नी दिल्यावर मोक्षधामातच दोन शब्द बोलायची चाल आहे. एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या वेळी एक पुढारी उभा राहिला आणि स्वतःच्याच पदयात्रेचं वर्णन करायला लागला. लोक डोळे पुसून राहिले होते. मागून आवाज आला, "इथं गेलं कोण जी, ते का तुम्ही?" मी व्याह्यांचा हात धरून खाली ओढला. ते मला कानात म्हणाले, "विषय सोडून राहिला तो." मी म्हटलं, "जाळून राहिले ना जी तिकडं माणसाले!" तर म्हणतात, "म्हणूनच. त्याच्याबद्दल बोलायची ही शेवटची संधी आहे."

आणि एकदा संत्र्यावरच्या फवारणीची माहिती द्यायला एक साहेब पांढुर्ण्याला आले होते. साहेब सगळा वेळ पडद्याकडे तोंड करून लिहिलेलं वाचत होते. आम्ही कास्तकार त्यांची पाठ पाहत बसलो. माझे व्याही शेवटच्या ओळीतून उठले, खुर्ची उचलली, थेट पुढं नेली आणि साहेबांकडे पाठ करून बसले. साहेब थबकले. "हे काय करून राहिले तुम्ही?" व्याही मान न वळवता म्हणाले, "तुमच्याकडूनच शिकलो." सभा हसली. मी नाही हसलो. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, कारण साहेबांना हारतुरे मी घातले होते. पण खरं सांगायचं तर साहेब त्यानंतर आमच्याकडे तोंड करून बोलले, आणि औषध किती पाण्यात घालायचं ते मला पहिल्यांदा नीट समजलं. हे मी त्या वेळी व्याह्यांना सांगितलं नाही. कशाला सांगू?

आता आमच्या सूनबाईकडे येतो. तीही बापासारखीच झाडांच्या रोगांची शास्त्रज्ञ, नागपूरला एका संशोधन केंद्रात. संत्र्याच्या बुडाला डिंक गळायला लागतो, साल सडते आणि झाड उभ्या उभ्या वाळते, त्याला आम्ही डिंक्या म्हणतो. मातीतलीच एक चांगली बुरशी त्या वाईट बुरशीला खाऊन टाकते, आणि ती चांगली बुरशी आमच्याच भागातल्या मातीत सापडते, हे सूनबाईचं काम. शेतकऱ्यांच्या बागांत तिचे प्रयोग चालू होते. पण ते पुढं चालवायचे की बंद करायचे, हे एक मोठी समिती ठरवणार होती. सूनबाईनं समितीपुढं प्रेझेंटेशन द्यायचं होतं. पटलं तर काम पुढं चालेल. नाही पटलं तर काम बंद, आणि त्या कामावरची तिची नोकरीही बंद.

व्याह्यांनी तयारी हातात घेतली आणि माझ्या घरादाराची झोप उडाली. सूनबाई सुट्टीला आली, की ते सकाळीच नदी ओलांडून हजर. "आलेख दाखवताना आधी आडवी रेघ कशाची ते सांग, मग उभी. मग थांब. लोकांचे डोळे पोचू दे. मग बोल." तिच्या स्लाईडी त्यांनी कुंपणाची झाडं छाटावी तशा छाटल्या. ती रडकुंडीला आली, "बाबा, यात माझी किती मेहनत आहे!" तर हे म्हणतात, "मेहनत तुझ्याजवळ ठेव. लोकांना फळ दे." शब्द कसा फेकला जातो ते पाहायला माझ्या बागेत तिला एका टोकाला उभी केली आणि मला दुसऱ्या टोकाला बसवलं. मी सासरा! सुनेसमोर जमिनीवर मांडी घालून, ऐकू आलं की हात वर करायचा, नाही आलं तर खाली. शेजारचा कास्तकार कुंपणावरून विचारतो, "काय जी, कोणत्या पक्षाले मतदान करून राहिले?"

पण सगळ्यात मोठा धक्का पुढंच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दोन गावांत नदीवर गोटमार होते, दोन्ही काठांवरून दगड चालतात, हे साऱ्या मुलखाला माहीत आहे. व्याही म्हणाले, प्रश्न विचारणारे लोक म्हणजे पलीकडचा काठ. आणि त्यांनी झाडाखाली गळून पडलेल्या हिरव्या संत्र्यांचं टोपलं माझ्यासमोर ठेवलं. "इवाईबुवा, एक प्रश्न विचारा आणि एक संत्रं फेका. तिनं आधी झेलायचं, मग उत्तर द्यायचं. सुटलं तर उत्तर नाही."

"सुनेवर संत्री फेकू?" माझा आवाज चिरकला. "लोकं तोंडात शेण घालतील माझ्या!"

"समितीवाले काय फुलं फेकणार आहेत?"

सूनबाई तिकडून पदर खोचून ओरडली, "फेका मामाजी, जोरात फेका!"

मी फेकलं. विचारलं, "तुझी बुरशी माझ्या गांडुळाले खाईन त?" पहिलं संत्रं तिच्या खांद्याला लागलं, कारण प्रश्न पुरा व्हायच्या आतच ती उत्तर द्यायला लागली होती. मी टोपलं मागं सारलं. व्याही मात्र खूष. "पाहिलंस? ऐकून घ्यायच्या आधी बोललीस, म्हणून लागलं." हळूहळू ती झेलायला लागली. प्रश्न पुरा ऐकायची, संत्रं हातात घ्यायची, क्षणभर पाहायची आणि मग दोन वाक्यांत उत्तर. टोपलं रिकामं झालं तेव्हा माझा खांदा भरून आला होता आणि आमच्या घरची दारात उभी राहून म्हणत होती, "बाप्पा बाप्पा, दोन म्हातारे पिसाळले."

मी तणतणत सावरगावला विहीणबाईंकडे गेलो. म्हटलं, तुमच्या मालकांना आवरा, हे शिकवणं आहे की छळ? विहीणबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे काम आधी त्यांनीच केलं होतं जी," त्या म्हणाल्या. "हीच बुरशी. तरुण होते तेव्हा. मोठ्या शहरात सभा होती, तिथं सांगायला गेले. सगळंच सांगायला गेले. माती कुठून आणली, कशी वाळवली, कोणत्या बरणीत ठेवली. खरी गोष्ट शेवटी ठेवली होती. तिथवर पोचायच्या आत वेळ संपला. अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, बसा. हे बसले. लोकांना वाटलं, या पोराजवळ सांगायला काही नाही. काम तिथंच मेलं. घरी आले ते महिनाभर कोणाशी बोलले नाहीत."

पूल ओलांडताना मी नदीकडं पाहिलं नाही, कोणाच्या रामरामलाही उत्तर दिलं नाही.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी नागपूरला गेलो. मुलगा म्हणाला, तुम्हाला आत घेणार नाहीत. मी म्हटलं, पाहतो कोण अडवते ते. शेवटच्या ओळीत व्याह्यांच्या बाजूला जाऊन बसलो, आणि कोणी अडवलं नाही. सूनबाई उभी राहिली. मोठ्या लोकांच्या नावांची माळ जपली नाही, आपल्याला बोलावल्याबद्दल आभारांचा पूर आणला नाही. पडद्यावर दोन झाडं आली, एक वाळलेलं, एक हिरवं. "ही दोन्ही झाडं एकाच धुऱ्यावर, एकाच बांधावर आहेत," ती म्हणाली. "फरक फक्त बुडाच्या मातीत आहे." सगळी समिती ताठ बसली. मीही. ती इंग्रजी शब्द वापरत होती, आलेख दाखवत होती, आणि मला, चौथी शिकलेल्या माणसाला, ते समजून राहिलं होतं! मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ तिच्या प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते आणि हात पांढरे पडेपर्यंत पुढच्या खुर्चीला धरून होते.

मग प्रश्न. एका जाड चष्म्याच्या साहेबांनी लांबलचक, खोचक प्रश्न टाकला. तिनं पुरा ऐकला आणि दोन वाक्यांत उत्तर दिलं. साहेबांनी मान डोलावली. मग दुसऱ्या बाईंनी विचारलं, "हे याआधी कोणी करून पाहिलं आहे का?"

सूनबाई क्षणभर थांबली. "हो," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी. त्यांचं बरोबर होतं. फक्त ते सांगून व्हायच्या आत वेळ संपला. मी आज जिथून सुरुवात केली, तिथं ते थांबले होते."

व्याही ताडकन उभे राहिले, मला वाटलं आता ओरडतात. पण ते खाली बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "हे ठरलं नव्हतं. असं मधेच नवीन काही आणायचं नसते. शिकवलं होतं मी तिले." आवाज इतका फाटला होता, की मला पुढचं समजलं नाही. चार वाजता बाहेर निरोप आला, काम मंजूर. सूनबाई बापाच्या पाया पडली. ते म्हणाले, "तिसरा आलेख घाईत झाला." आणि तोंड फिरवून नळावर चूळ भरायला गेले.

मुलगा-सून नागपुरातच राहिले. आम्ही दोघं म्हातारे संध्याकाळच्या पॅसेंजरनं निघालो. व्याही खिडकीशी बसून होते. काटोल गेलं, तरी एक शब्द नाही. ज्या माणसानं मला बोलू दिलं नाही, त्याची ही चुप्पी मला सहन होईना. शेवटी मी म्हटलं, "इवाईबुवा, काय होतं जी ते तुमचं काम? मले सांगा. पहिल्यापासून सांगा."

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "लांब आहे ते."

"गाडी बी लांबच जाते."

आणि ते सुरू झाले. मी असं बोलणं जन्मात ऐकलं नाही. मातीची पहिली थैली कोणाच्या धुऱ्यावरून आणली, तिथून त्या शेतकऱ्याच्या बैलावर गेले, बैलावरून आपल्या तेव्हाच्या सायकलवर, सायकलवरून प्रयोगशाळेतल्या गळक्या छतावर. एक गोष्ट अर्धी ठेवून दुसरी धरत होते, मधेच "थांबा, हे आधी सांगायला पाहिजे होतं" म्हणून मागं जात होते. हात हवेत फिरत होते, डोळे चमकत होते. समोरची बाई जागा बदलून दुसरीकडे गेली. नरखेड गेलं, आणि अजून बुरशी बरणीतही पडली नव्हती.

पांढुर्णा आलं. मी फलाट पाहिला, ओळखीचे दिवे पाहिले, ओळखीचा हमालही पाहिला. ते त्या वेळी मातीच्या तिसऱ्या थैलीवर आले होते. मी जागचा हललो नाही. गाडी सुटली.

तिगाव आलं तेव्हा कुठं त्यांचं बाहेर लक्ष गेलं. घाईघाईनं उतरलो. लहानसं स्टेशन, उतरणारे आम्ही दोघंच. गाडी पुढं घाटाकडे निघून गेली. व्याही पाटीकडे पाहत राहिले. "इवाईबुवा, हे पांढुर्णा नाही," ते म्हणाले. मग खजील होऊन म्हणाले, "मी लयच बोललो."

परतीची गाडी कधी ते विचारायला पाहिजे होतं. मी बाकावरची धूळ धोतराच्या सोग्यानं झटकली, त्यांना जागा केली आणि म्हटलं, "असू द्या जी. बसा. मंग त्या तिसऱ्या थैलीत काय निघालं?"