गाण्यातलं शेवटचं नाव

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. आता तुम्हाला लिहून का सांगतोय, ते माझं मलाच नीट कळत नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. सरळ सांगायला गेलं की जीभ अडते, म्हणून जरा बाजूबाजूनं येतो. कंटाळा आला तर मध्येच सोडून द्या.

माझं घर, पोरांची शिक्षणं, अंगावरचा हा शर्टसुद्धा — सगळं एका फंडाच्या जिवावर झालं. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलं, त्या काळ्या लोकांनी आपसांत पैसा जमवून तो काढला. त्यांना कुठून तरी कळलं की आपली माणसं हिंदुस्थानातही नेली होती. आपल्याकडं त्यांना हबशी म्हणतात, सिद्दी म्हणतात. हे शहर एका हबशी वजिरानं वसवलं, डोंगरातून नहरीचं पाणी त्यानं आणलं, हे इथला रिक्षावालाही पाहुण्याला सांगतो. पण त्याच्या जातीची जी चार घरं उरलीत ती काय खातात, हे कोण विचारत होतं? फंडानं विचारलं. त्यांच्या लेकरांना शिकवायचं आणि त्यांची गाणी मरू द्यायची नाहीत, एवढं काम त्यांनी अंगावर घेतलं. देवाशपथ सांगतो, माणसं चोख आहेत. मी त्यांचं वाईट बोलणार नाही. वाईट बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

त्या फंडाच्या वर्गात मी ढोल आणि गाणी शिकवतो. पोरं मला उस्ताद म्हणतात. भिंतीवर माझा मोठा फोटो आहे — काळा चेहरा, कुरळे केस, ढोलावर हात. खाली लिहिलंय, हबशी घराण्याचा शेवटचा वादक.

मी हबशी नाही. मी आटपाडीकडचा धनगर आहे.

बघा, हे लिहिलं आणि वाटलं, झालं, सांगून टाकलं. पण नाही झालं. एवढंच असतं तर मी कदाचित केव्हाच बोललो असतो.

पाचवीत शाळा सुटली, मेंढरांमागं गेलो. घरात सगळ्यांत काळा मीच. भाऊ मला नावानं हाक मारत नसत — काळ्या, इकडं ये. काळ्या, पाणी आण. आईसुद्धा पाहुण्यांसमोर हसून म्हणायची, हे माझं तव्याचं बूड. मायेनंच म्हणायची. पण लागायचं. पुढं भावांशी पटेना, तेव्हा एका ट्रकवाल्याबरोबर निघालो आणि इथं मोंढ्यात पोती उचलायला लागलो. गाव इतकं लांब पडलं की आजारी पडलो तर कुणाला कळवायचं हेही ठाऊक नव्हतं.

राहायला खोली मिळाली ती याकूबचाचाच्या घरातली पुढची. निजामाच्या घोडदळात हबशी स्वारांची एक तुकडी होती, चाचाचे वडील त्यात होते. पोलीस ॲक्शन झाली, तुकडी मोडली, आणि त्या स्वारानं हैदराबाद सोडून इथं येऊन टांगा हाकला. चाचानंही टांगाच हाकला. त्याचा मुलगा सलीम तापानं गेलेला. सून हमीदाभाभी हिमरू कापडाच्या मागावर सुताच्या नळ्या भरायला जायची. आणि नात, मुनीरा — सातवीत. आईसारखी गोरी, सरळ केसांची. गल्लीतल्या बाया चाचाला चिडवायच्या, चाचा, तुमच्या कोळशाच्या वखारीत हे दुधाचं भांडं कुठून आलं? चाचा हसायचा. म्हणायचा, दूध तिच्या आईचं, आवाज माझ्या आईचा.

खरंच होतं ते. चाचा दर गुरुवारी दर्ग्यात ढोल लावायचा, आणि घरी तालीम करताना आतून मुनीरा गायची. तिला सगळं येत होतं. ज्या ओळींचा अर्थ चाचालाही माहीत नव्हता, त्याही.

माझे हात ढोलाला नवे नव्हते. आमच्याकडं बिरोबाच्या जत्रेत गजीढोल असतो. एकदा चाचा पाणी प्यायला उठला आणि मी नकळत थाप दिली. घाबरलोच. त्यांच्यात परका माणूस ढोलाला शिवत नाही. थोरल्यानं आपला हात तुमच्या हातावर ठेवून पहिली थाप द्यावी लागते, त्याला ते हात देणं म्हणतात. चाचा परत आला, माझ्यामागं उभा राहिला, वाकला, आणि त्यानं माझ्या हातावर आपला हात ठेवला. पुढच्या गुरुवारी दर्ग्यातल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, ये तो बाहर का है. चाचा म्हणाला, "हाथ दिया, तो हमारा हुआ. बस." मुनीरा मला भाईजान म्हणायला लागली. माझं नाव बिरू, त्याचं बिरूमियाँ करून चिडवणारीही तीच.

मग मी त्यांचा होतो की नव्हतो? सांगा ना. इतकी वर्षं मी याच प्रश्नाला धरून बसलोय. त्याच्याआड लपता येतं.

पुढं चाचाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नुसता बाजेवर पडून बघत राहायचा. ढोल मी वाजवू लागलो. घरात ओढाताण सुरू झाली. सातवीनंतर मुनीराचं काय, हा हमीदाभाभीला रोजचा घोर. पोरीला नर्स व्हायचं होतं. चाचाला कूस बदलून द्यायची, त्याचं तोंड पुसायची, ते असं काही करायची की बघत राहावं.

आणि एके दिवशी दुपारी फंडाची माणसं आली.

दोघी होत्या. एक परदेशी पाहुणी — उंच, माझ्याहून काळी, पांढरे केस. दुसऱ्या पुण्याच्या बाई, भाषा सांगायला. हमीदाभाभी कामावर गेलेली. मी दारात उभा. पाहुणीनं मला बघितलं, आणि — हे कसं सांगू — तिनं माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि ती रडायला लागली. मोठी बाई, अनोळखी, ओक्साबोक्शी रडत होती. काहीतरी बोलत होती. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "त्या म्हणतायत, माझा भाऊ सापडला."

माझा चेहरा बघून कुणाला आनंद झाला, असं तोवर कधी घडलं नव्हतं. मी काय बोलायला हवं होतं? बाई, मी आटपाडीचा? बोलायला हवं होतंच. नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी चाललं असतं. मी त्यांना खुर्ची दिली. बिरू हे नाव ऐकून तर पाहुणी आणखीच हरखली, तिला ते तिकडचंच वाटलं. चाचाला बघून तिनं विचारलं, आजोबा? मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी मनात म्हटलं. म्हटलेलं पक्कं आठवतं.

मग त्यांनी टेप लावला आणि गा म्हणाल्या. मी घराचं गाणं धरलं. ते गाणं म्हणजे नावांची माळ आहे. समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या माणसापासून एकेक नाव येतं, आणि शेवटी घरातल्या सगळ्यांत लहान लेकराचं. तिथं गाणं थांबतं. नवं मूल झालं की गाणं एका नावानं वाढतं. घरात पाळणा हलला की दर्ग्यातले म्हातारे म्हणतात, गाणं वाढलं. पुण्याच्या बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी पाहुणीच्या कानात सांगितलं, शेवटचं नाव ऐका, ते घरातल्या धाकट्याचं. पाहुणी माझ्याकडं बघून हसली. वाट बघत होती.

मी गात आलो. याकूब आलं. सलीम आलं. पुढं मुनीरा आहे, हे मला झोपेतही माहीत होतं. आणि मी म्हटलं — बिरू.

त्याच क्षणाला आतून, चुलीपुढून, सवयीनं आवाज आला. मुनीरा. एवढंच. लांब, सूर लावून, जसं नेहमी यायचं तसं.

टेप चालू होता. पुण्याच्या बाईंनी विचारलं, आत कोण आहे?

मी म्हणालो, "शेजारची पोरगी आहे. ऐकून ऐकून शिकलीय."

असं का म्हणालो? कुणी गळा धरला नव्हता. तोवर कुणी काही देऊही केलं नव्हतं. लोभ म्हणावा, तर लोभ कशाचा ते तरी दिसायला हवं. त्या बाईच्या तळव्यांचा?

मुनीरा चहा घेऊन बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं, घर केवढं ते. बाईंनी तिला मायेनं विचारलं, कुठं राहतेस गं? मुनीरानं माझ्याकडं बघितलं. मग ट्रे खाली ठेवला, हात गल्लीकडं केला आणि म्हणाली, "पलीकडं." आणि खरंच दारातून बाहेर, गल्लीत निघून गेली. स्वतःच्या घरातून.

तिनं मला का वाचवलं? बारा-तेरा वर्षांची पोर.

अजूनही वेळ होती. पाहुणी चहा पिताना चाचाच्या बाजेकडं वळून बोलली, आणि बाईंनी ते मला सांगितलं — या घरात एखादी मुलगी असती तर आम्ही तिला पुण्याच्या वसतिगृहात ठेवून हवं तितकं शिकवलं असतं. अगदी डॉक्टर, नर्स, काहीही. आहे का कुणी?

मी म्हणालो, नाही.

तेव्हा मात्र मला सगळं समजत होतं. कशाला काय म्हणतात, कुणाचं काय जाणार. मघाचं तोंडातून निसटलं असेल, हे निसटलं नव्हतं. हे मी बोललो.

चाचा बघत होता. त्याचा डावा हात चादरीवर होता. पाहुण्या गेल्यावर मी रोजच्यासारखा बाजेजवळ बसलो, तो हात हातात घ्यायला गेलो. त्यानं तो ओढून घेतला. अर्धं अंग मेलेला माणूस, जेवढं जिवंत होतं तेवढ्यानं त्यानं मला नको म्हटलं. पुढं पावसाळ्यात तो गेला.

फंडानं मला वर्ग काढून दिला. चाचानं हात दिल्यापासून दर्ग्यातल्या म्हाताऱ्यांना मी घरचाच होतो, त्यांनी फंडाला वेगळं काही सांगितलं नाही. मुंबई, दिल्ली दाखवली. हमीदाभाभीला मी सांगितलं की त्यांना फक्त ढोलवाला हवा होता. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, चला, घरातल्या एकाचं तरी झालं. मुनीराची शाळा सातवीलाच थांबली. आईबरोबर नळ्या भरायला जाऊ लागली. तिनं आईला काहीच सांगितलं नव्हतं. भाभी गेली तेव्हाही सांगितलं नव्हतं.

मुनीरा पाचोडला दिली. नवरा बाजारात बांगड्यांचं दुकान लावतो. मागं एका कामानं तिकडं गेलो आणि आठवडी बाजारात ती समोरच आली. मी वळणार होतो, तिनं हाक मारली. "काय भाईजान, पेपरात फोटो आला की ओळख विसरायची व्हय?" हसत होती. शेजारच्या भाजीवालीला म्हणाली, हा माझा भाऊ, लई मोठा माणूस. मला बसवलं, भजी मागवली, पोरं कितवीला आहेत विचारलं. मी घास गिळत होतो. मग बांगड्या पुसता पुसता, माझ्याकडं न बघता, ती म्हणाली, "ते पुण्याचं वसतिगृह आहे का हो अजून? पोरी असतात तिथं?"

मी म्हणालो, असतात.

ती म्हणाली, बरं आहे. आणि गिऱ्हाईकाकडं वळली.

आता फंडानं त्या जुन्या टेपवरचं गाणं साफ करून घेतलंय. वर्गात लावतो आम्ही. हबशी घरांतली पोरं आहेत, काही चाचाच्या तोंडावळ्याची, काही अगदी मुनीरासारखी गोरी, आणि ती माझं बघून गातात — याकूब, सलीम, बिरू. त्यांना वाटतं, गाणं असंच आहे. जतन केलेलं गाणं. त्या दर्ग्यातला एकही म्हातारा आता उरला नाही, मला खोटं पाडायला.

मागच्या गुरुवारी एका मुलीनं टेप थांबवायला लावला. उस्ताद, शेवटी मागून कुणीतरी गातंय, ते कोण?

मी म्हणालो, शेजारची पोरगी होती.

इतक्या वर्षांनी. कुणाची भीती नाही, पोटाची चिंता नाही, कुणी माझा चेहरा तळव्यांत धरलेला नाही. तरी तेच शब्द, त्याच क्रमानं, पाठ केल्यासारखे बाहेर आले.

तो आवाज मुनीराचा आहे. याकूबची नात, सलीमची मुलगी. गाणं तिच्या नावावर थांबतं. आता तिच्या लेकरांची नावं त्यापुढं यायला हवीत, आणि ती मला माहीतही नाहीत. बाजारात ती माझ्या पोरांचं विचारत होती, मी तिच्या लेकरांचं विचारलं नाही.

हे लिहिलं म्हणून येत्या गुरुवारी मी गाणं दुरुस्त करीन, असं धरून चालू नका. मला माहीत नाही. पोरं येतील, गोल करून बसतील, मी ढोल उभा करीन. सलीमपर्यंत मी नीट येतो.