झडीतला शेवटचा फोटो

ये गं, बस अशी जवळ. झडीत चिखलदऱ्याला फोटो काढायला निघालीस आणि कुठे थांबणार ते घरी कोणालाच सांगितलं नाहीस? भाची असलीस म्हणून काय झालं, कान पिळायला हवा तुझा! माझी नोकरी संपली, पण एक मिसिंग केस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तेवढी ऐक, मग जा.

मी तेव्हा अंजनगावकडे फौजदार होते. तीन दिवसांची झड लागलेली. शनिवारी सकाळी फुलांच्या मळ्यातली एक बाई ठाण्यात आली. पदर पिळत म्हणाली, "मॅडम, माहा पोरगा कालपासून आला नाही. पहाडात फोटो काढाले गेला होता." पोरगा तिशीचा, एकुलता एक.

मिसिंग नोंदवली, वायरलेसवर वर्णन दिलं. तो ज्याच्या मोटारसायकलवर गेला होता, त्या मित्राला बोलावलं. मित्र म्हणाला, "पावसाले कंटाळला न तो. काल दुपारीच मी त्याले सेमाडोहच्या फाट्यावर एसटीत बसवून देलं."

मला पटलं. झडीत आपल्याकडे कुत्रंही ओसरी सोडत नाही. माणूस कुठेतरी छपराखालीच असणार, असं मी धरून चालले. माणसं स्टँडवर, लॉजवर, नातेवाइकांकडे पाठवली. बाईला म्हटलं, "झड उघडली की जंगलातही पाठवते."

रविवारी सकाळी ती पुन्हा आली. मित्र काय म्हणाला ते हवालदारानं तिला सांगितलं. ती ताडकन उभी राहिली.

"पावसाले कंटाळला? माहा पोरगा? अवं बाई, तो ऊन पडलं का कंटाळते! आभाळ भरलं का याचा डबा बांधा लागते मले."

मी मित्राला परत आणलं. आवाज चढवला नाही, चहा दिला. घाबरलेला माणूस कप हातात धरून ठेवतो, पीत नाही. त्यानंही तेच केलं.

"एसटीत कंडक्टर बाई होती का माणूस?" मी विचारलं.

तो कपातच पाहत राहिला. मग रडायलाच लागला. "भांडण झालं, मॅडम. मी म्हटलं, धुक्यात काई दिसून नाही राहिलं, चाल घरी. तो म्हणे, धुकं फाटलं का पाच मिनिटं भेटतात, त्याच्यासाठीच तं आलो. मी गाडी काढली न निघून आलो. मंग वाटलं, तुमी मलेच धरसान."

झड उघडली नव्हती. तसेच निघालो, वनखात्याची माणसं घेऊन. मित्रानं दाखवलेल्या कड्याखाली तो सापडला. पाय मोडलेला, अंगावर साधा सदरा. रेनकोट कॅमेऱ्याला गुंडाळलेला. जीव गेला होता.

पंचनाम्यात कॅमेरा मुद्देमाल म्हणून घेतला. शेवटचा फोटो पडल्यानंतरचा होता, बसल्या जागेवरून काढलेला. फाटलेलं धुकं, आणि दरीपलीकडच्या एकाच उतारावर ऊन. वेळ शनिवार दुपारची. तेव्हा माझी माणसं स्टँडवर कंडक्टरना विचारत फिरत होती.

पुढे कॅमेरा परत देताना तो फोटो मी आईला दाखवला. वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं त्या उतारावर बोट ठेवलं.

"ऊन तं पडलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "मंग तुमी काऊन नाही गेल्या?"

 त्यानंतर कोणी हरवलं, तर शहाणा माणूस कुठे जाईल याचा विचार मी सोडून दिला. आधी घरच्यांना विचारायचे, त्याला आवडतं काय? आणि उघडीपीची वाट पाहिली नाही.

जाऊ नको म्हणत नाही तुला. खराब हवेतच ती पाच मिनिटं मिळतात, हे मी त्या पोराच्या फोटोतूनच शिकले. फक्त उभी कुठे राहणार ते मला सांगून जा. आणि उतरलीस की आधी घरी नाही, माझ्याकडे ये, तशीच ओली. लवकर ये गं, मी दार लोटूनच ठेवते.