राजारामचा चौथा दगड

परळचा राजाराम गिरणीत दिवसभर तुटलेले धागे गाठ मारून जोडायचा आणि सुट्टीला भाड्याच्या सायकलीवर किल्ले बघत हिंडायचा. प्रत्येक किल्ल्यावरून एक सुटा दगड आणायचा, त्याला सुताने नावाची चिठ्ठी बांधायचा. "माणसांना जागा नाही नि दगड कसले आणता?" बायको, कौसल्या, करवादायची.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली. अशातही हा बहाद्दर एका रविवारी शीव, माहीम, वरळीचे किल्ले करून शिवडीच्या बुरुजावर चढला. तेवढ्यात लालबागकडून गोळ्यांचे आवाज आले. त्याने चौथा दगड चिठ्ठी न बांधताच पिशवीत टाकला आणि सायकल हाणली.

नाक्यावर चिटपाखरू नव्हतं. रस्ताभर नुसत्या चपला. एका शिपायाने बंदूक आडवी धरली.

"पिशवीत काय?"

घाबरलेला माणूस निदान खोटं तरी बोलतो. राजाराम म्हणाला, "दगड."

दगडफेकीत धरलेली पोरं मागे गाडीत कोंबलेली त्याला आता दिसली.

शिपायाने तीन चिठ्ठ्या वाचल्या. चौथा दगड हातात धरला. "हा?"

"शि... शिवडीचा."

शिपायाने दूरच्या साहेबाकडे पाहिलं. "चिठ्ठी बांध. लवकर."

राजारामने कसंबसं नाव खरडलं, पण झोपेतही बसणारी गाठ काही बसेना. शिपायाने सूत ओढून घेतलं आणि दोन बोटांत झटक्यात गाठ मारली. थेट गिरणीतली गाठ.

"पळ."

राजाराम पळाला. गिरणीतलाच माणूस गिरणीवाल्यांवर बंदूक धरून उभा होता; बंदुकीपेक्षा त्याला आता त्या गाठीचीच भीती वाटत होती.